प्रश्न तेवढा उचल

पालम, जि. परभणी
घटस्थापनेचा आदला दिवस

चि. नातीस,


परवा रात्री साडेदहाला तुझा फोन आला. एवढ्या उशिरा तू कधी करत नाहीस, म्हणून तुझी आजीही उठून बसली. तू रडत नव्हतीस, पण रडून झाल्यावरचा आवाज मला ओळखू येतो. चाळीस वर्षं पक्षकारांचे आवाज ऐकत आलो आहे. सरांनी तुला वर्गात उभं केलं, एका खटल्याची हकिकत विचारली, तुला सांगता आली नाही, आणि मग ते जे बोलले ते सगळ्या वर्गानं ऐकलं. शेतीच बघायची होती तर इथं कशाला आलीस, असं काहीसं. मागच्या बाकांवर हशा झाला. त्याच रात्री तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं ‘द पेपर चेस’ नावाचा जुना इंग्रजी सिनेमा लावला आणि तो बघून तुझं डोकं शांत व्हायचं सोडून आणखीच फिरलं. फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, “आबा, चांगला वकील व्हायचं तर हे गिळावंच लागतं का?”

मी म्हणालो, लिहून कळवतो. तुला वाटलं असेल, आबांनी टाळलं. टाळलं नाही, माय. काही प्रश्नांना रात्री साडेदहाला उत्तर दिलं की ते चुकतं. काल दुपारी तो सिनेमा मोबाइलवर पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला होता तेव्हा वकिलीत वीसेक वर्षं झाली होती. खंडपीठाच्या कामाला औरंगाबादला गेलो होतो आणि एका तरुण वकिलाच्या घरी मुक्काम होता, तेव्हा. त्या रात्री मला झोप लागली नव्हती, म्हणून तुझी अवस्था मला कळते.

सिनेमा १९७३ चा. जेम्स ब्रिजेस यांनी तो केला, जॉन जे ऑसबॉर्न यांच्या १९७१ च्या कादंबरीवरून. ऑसबॉर्न स्वतः हार्वर्डमधून कायदा शिकून नुकतेच बाहेर पडले होते, त्यामुळे त्या वर्गातली भीती ऐकीव नाही, भोगलेली आहे. करार कायदा शिकवणारे प्राध्यापक किंग्जफील्ड झाले आहेत जॉन हाउसमन. जन्म १९०२ चा, म्हणजे सिनेमा आला तेव्हा सत्तरी ओलांडलेली. आयुष्यभर नाटकं उभी केली, नट घडवले, आणि या भूमिकेसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. मला वाटतं त्यांना प्राध्यापकाचं सोंग आणावं लागलंच नसेल. उभ्या आयुष्यात तालमीत ज्यानं मुलांना “पुन्हा कर” म्हटलं, तो माणूस तिथं उभा आहे.

आता त्या पहिल्या तासाकडं ये. हार्ट नावाचा पोरगा गावाकडून आलेला, पहिल्या दिवसाआधीच नेमून दिलेलं वाचायचं असतं हे त्याला माहीतच नाही. किंग्जफील्ड समोरच्या तक्त्यावर फोटो लावलेली नावं बघतात आणि त्यालाच उठवतात. हॉकिन्स विरुद्ध मॅकगी. त्याला काही येत नाही. तास सुटल्यावर तो धावत जाऊन ओकतो. तू म्हणालीस, इथं तुला तुझंच तोंड दिसलं.

पण त्या गोंधळात तुझ्या हातून एक गोष्ट सुटली. तू हार्टचा चेहरा बघत राहिलीस, खटला ऐकलाच नाहीस. म्हणून तो खटला मीच सांगतो, आपल्या पद्धतीनं.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातला एक पोरगा. लहानपणी विजेच्या तारेनं त्याचा हात भाजला, तळव्यावर वण राहिला. वण होता, पण हात चालत होता. काही वर्षांनी गावातला डॉक्टर मागं लागला, मी ऑपरेशन करतो, हात शंभर टक्के चांगला करून देतो. छातीची कातडी काढून तळहाताला लावली. हात बरा व्हायचा सोडून आखडला आणि त्या कातडीवर केस उगवायला लागले. पोरानं दावा लावला. खालच्या कोर्टानं ज्युरीला सांगितलं, किती वेदना झाल्या आणि हात आधीपेक्षा किती बिघडला ते बघून रक्कम ठरवा. १९२९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हे मोजमाप चुकलं. डॉक्टरनं जो हात कबूल केला होता त्याची किंमत एका बाजूला ठेवा, प्रत्यक्षात जो पदरात पडला त्याची दुसऱ्या बाजूला. मधलं अंतर म्हणजे नुकसान.

आता हार्वर्डमधून उठ आणि आपल्या आखाड्यावर ये. मृग बरसला, माणसानं कृषी सेवा केंद्रातून उधारीवर सोयाबीनच्या चार बॅगा आणल्या. बॅगेवरच्या लेबलावर उगवणशक्तीचा आकडा छापलेला. पेरलं. आठ दिवसांनी रानात बघतो तर ओळीच्या ओळी रिकाम्या, उकरून बघावं तर दाणा कुजलेला. दुकानदार म्हणतो, पाऊस कमी होता. कंपनी म्हणते, खोल पेरलं. फारच झालं तर म्हणतात, चार बॅगांचे पैसे घ्या आणि विषय मिटवा. सांग, त्याचं नुकसान किती? बॅगांची किंमत? का दुबार पेरणीचा खर्च धरून? का त्या चार एकरांत जे सोयाबीन झालं असतं त्याची किंमत?

बघ, किंग्जफील्डनं हार्टला विचारलेला प्रश्न आणि पालमच्या बाजारात शेतकऱ्याच्या ओठावर असलेला प्रश्न एकच आहे. कबूल काय केलं होतं, आणि हातात काय पडलं? आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ नुकसानभरपाईचं मोजमाप सांगतं. तुझ्या पुस्तकात ते दीड पानात संपतं आणि आपल्याकडं त्या दीड पानावर एका घराचं वर्ष अडून बसतं. २०२० च्या पावसाळ्यात मराठवाडाभर सोयाबीन उगवलं नाही, तेव्हा औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. त्याआधी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या निकालात स्पष्ट केलं की बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, त्याला ग्राहक कायद्याखाली दाद मागता येते. बियाणं कंपनीचं म्हणणं होतं, नमुना तपासायला कुठं दिलाय? कोर्टानं विचार केला तो शेतकऱ्याच्या बाजूनं उभं राहून. बी खराब निघेल असं गृहीत धरून कोणी मूठभर बाजूला काढून ठेवत नाही, तो सगळं पेरून मोकळा होतो. हा निकाल मिळवून वाच. इंग्रजी अवघड वाटलं तर एका ओळीला एक दिवस घे, पण वाच.

तुझ्या सरांनी विचारलेला खटला कोणता ते तू सांगितलं नाहीस. ते काय बोलले ते मात्र शब्द न शब्द सांगितलंस. असंच होतं. अपमान पाठ होतो आणि प्रश्न विसरतो. मी कायद्याला होतो तेव्हा एका शिक्षकानं माझ्या “बोलूलालो, सांगूलालो”वरून वर्गात माझी नक्कल केली होती. पन्नास वर्षं होत आली, मला त्या खोलीतला पंखा कुठं लटकत होता तेही आठवतं. त्यांनी विचारलं काय होतं, ते आजही आठवत नाही. तो तास माझा कायमचा वाया गेला. तुझा जाऊ देऊ नकोस. आज रात्री वही घे, सरांचा प्रश्न जेवढा आठवेल तेवढा लिही, मैत्रिणींना विचारून पुरा कर, आणि त्याखाली उत्तर लिही. बाकी जे बोलले ते वहीत लिहायचं नाही. साक्षीदार जबाबात शंभर गोष्टी सांगतो आणि आपण त्यातलं दाव्याशी लागू असेल तेवढं उचलतो, तसं.

मात्र एक मी ठामपणे सांगतो. त्यांचं ते वाक्य शिकवण्याचा भाग नव्हतं. कडकपणा वेगळा आणि पाणउतारा वेगळा. हे मी तुझा आजोबा म्हणून बोलत नाही, वकील म्हणून बोलतो.

प्रश्न विचारून कायदा शिकवण्याची ती पद्धत हार्वर्डला लँगडेल नावाच्या डीननं १८७० नंतर आणली. त्याआधी तिथंही प्राध्यापक वाचून दाखवायचे आणि मुलं उतरवून घ्यायची, आपल्याकडं अजून चालतं तसं. लँगडेलनं १८७१ मध्ये निकालांचं पुस्तक काढलं, तेही करार कायद्याचंच. म्हणाला, आधी निकाल वाचून या, मग मी विचारतो. माझ्या मते कायद्याच्या शिक्षणात याहून चांगली कल्पना निघाली नाही. पण त्या कल्पनेत कुठंही लिहिलेलं नाही की विचारणाऱ्यानं माणसाला खाली दाबावं. ती भर नंतरच्यांनी घातली. सिनेमात किंग्जफील्ड एकदा हार्टच्या हातावर नाणं ठेवतात आणि आईला फोन करून तू वकील होशील याची दाट शंका आहे असं कळव म्हणतात. पोरगा चिडून सर्वांसमोर त्यांना शिवी देतो, आणि ते थंडपणे म्हणतात की आज तू जे बोललास त्यातलं हे सगळ्यात शहाणपणाचं. लोक या प्रसंगावर खूश होतात. मला तो बघवत नाही. त्या पोराच्या पाठीशी तो सगळा वर्ग होता, त्याच्यासारखाच दिसणारा, त्याच्यासारखंच बोलणारा. पालमहून गेलेल्या मुलीला तशी शिवी परवडत नाही. आणि तिला ती द्यायची वेळ यावीच का?

सिनेमातल्या हार्टच्या अभ्यासगटातला केव्हिन तुला आठवत असेल. एकदा वाचलं की पान डोळ्यापुढं राहतं, पण दोन निकालांतला फरक विचारला की अडतो. तो जीव द्यायला निघतो तिथं तू थोडा वेळ मोबाइल बंद केलास म्हणालीस. बरं केलंस. नीट ऐक: कोणत्याही परीक्षेनं, कोणत्याही सरांनी तुला तसं वाटायला लावलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, फोन कर. तुझी आजी आणि मी गंगाखेडहून पहिली मिळेल ती गाडी धरून येऊ. शिक्षणापायी जीव पणाला लावायचा नसतो, हे आमच्या घरात ठरलेलं आहे.

मग कडक शिक्षक म्हणावं कोणाला? मी याचा पुष्कळ विचार केला आहे. ज्यानं तोच कडक प्रश्न स्वतःवरही घेतला आहे, तो. सिनेमातही याची खूण आहे. हार्ट आणि त्याचा मित्र रात्री ग्रंथालयात चोरून शिरतात आणि किंग्जफील्डनं विद्यार्थी असताना लिहिलेल्या टिपणवह्या शोधून काढतात. तो पोरगा त्या वह्यांकडं कसा बघतो ते पुन्हा बघ. हा माणूसही कधी तरी पहिल्या बाकावर बसून लिहून घेत होता, हे त्याला तिथं कळतं. चोरून कळावं लागतं, एवढंच वाईट.

आपल्याकडं असा एक प्राध्यापक होऊन गेला की ज्याच्या वह्या चोरायची गरज नाही, सगळं छापून आलं आहे. बाबासाहेब आंबेडकर. तू त्यांचा फोटो रोज बघतेस, संविधान आठवतेस, पण ते कायद्याचे प्राध्यापक होते हे आपली मुलं विसरतात. मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज १८५५ पासूनचं. तिथं १९२८ मध्ये ते शिकवायला लागले आणि १ जून १९३५ ला प्राचार्य झाले. तारीख लक्षात ठेव, कारण रमाबाई गेल्या २७ मेला. मधे पाच दिवसही पुरे नाहीत. त्याच ऑक्टोबरच्या १३ तारखेला येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. १९३६ मध्ये नवा पक्ष काढला, आणि त्याच वर्षी कॉलेजच्या नियतकालिकात कायद्याचं शिक्षण कसं सुधारावं यावर लेखही लिहिला. माणूस कोणत्या वादळात उभा होता आणि तरी विद्यार्थ्यांना काय शिकवलं जातंय याची त्याला काळजी होती.

आता त्यांना कोणी कडक प्रश्न विचारला का? लंडनला रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी तसाच स्वीकारला नाही, दुरुस्त करा म्हणाले. हातात पैसा नव्हता, म्हणून ते मुंबईला परतले. इथं बसून प्रबंध पुन्हा नीट केला, पाठवला आणि १९२३ मध्येच डी.एस्सी. मिळवली. तो पुस्तकरूपानं आला तेव्हा प्रस्तावना लिहिली त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. त्यात कॅनननी उघड लिहिलं की यांचे काही मुद्दे मला पटत नाहीत, पण विचारात ताजेपणा आहे. विद्यार्थ्याशी मतभेद आहे हे त्याच्याच पुस्तकाच्या पहिल्या पानांवर सांगणारा आणि तरी त्याच्यासाठी लिहिणारा मास्तर! माझ्या लेखी किंग्जफील्डपेक्षा तो कितीतरी कडक आहे, कारण त्यानं विद्यार्थ्याला बरोबरीचा मानून वाद घातला.

अपमान म्हणशील तर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात बाबासाहेब शिकवायला गेले, तेव्हा सहकारी प्राध्यापकांनी ते प्राध्यापकांच्या माठातलं पाणी पितात म्हणून हरकत घेतली होती. सुरुवातीला विद्यार्थ्यांनाही या नव्या मास्तराचं काही वाटलं नाही. पुढं दुसऱ्या कॉलेजातली मुलं त्यांच्या तासाला येऊन बसायला लागली. वर्गात कोणी काय म्हणालं याचं उत्तर त्यांनी तासातच दिलं.

आणि आता मी ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तिथं येतो. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. पण त्यानंतर कोर्टात काय झालं हे विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला. म्हणणं असं की अस्पृश्यांनी या तळ्याचं पाणी घ्यायचं नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे. प्रतिवादी होते बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी. दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, तिथं निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. तेव्हा ते लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. नीट मनात आण: मुंबईच्या कायदा महाविद्यालयाचा प्राचार्य, आणि त्याच वेळी पाणी प्यायल्याबद्दलच्या दाव्यातला प्रतिवादी.

वादी हरले. का हरले ते पाहा. न्यायालयानं फार मोठं भाषण केलं नाही. रूढी अनादी आहे म्हणता, तर तसं सिद्ध करा, एवढंच विचारलं. ते सिद्ध करता आलं नाही. शेकडो वर्षं ज्या गोष्टीला कोणी “कशावरून?” म्हटलं नव्हतं, ती त्या एका प्रश्नापुढं उभी राहिली नाही.

म्हणून सांगतो, कडक प्रश्नाला भिऊ नकोस. तो आपलं हत्यार आहे. ज्याच्याकडं जमीन आहे, पैसा आहे, मान आहे, त्याचं सगळं प्रश्न न विचारल्यावर चालतं. सावकाराला कागद दाखव म्हणायची सोय नसते, मुकादमाला उचलीचा हिशोब विचारायची सोय नसते, पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं तेव्हा तोंडी बोललेलं नंतर कोण आठवतं? करार तोंडी असला तरी करार असतो, हे कायदा सांगतो. पण कोर्टात “कधी, कुठं, कोणासमोर, किती” हे विचारणारा कोणी तरी लागतो. तो प्रश्न उद्या तुला विचारायचा आहे. आणि आज जिला उभं राहून प्रश्न झेलता येत नाही, तिला उद्या उभं राहून तो विचारता येत नाही. सिनेमात हे कुठं नाही. दोन तासांत तिथं एकही पक्षकार दिसत नाही. मुलं प्रश्नाला झुंजतात ती गुणांसाठी आणि किंग्जफील्डसाठी. शेवटी लिफ्टपाशी हार्ट मोठ्या मनानं सांगतो, तुमच्या वर्गानं मला पुष्कळ दिलं, आणि ते त्याला नाव विचारतात. वर्षभर शिकवून नाव माहीत नाही! तू म्हणालीस, हे बघून तुला वाईट वाटलं. मलाही वाटलं. पण तुझं नाव तुझ्या सरांना कळलं काय, न कळलं काय, त्यानं अडत नाही. ज्याची केस तू लढशील तो तुझं नाव विसरणार नाही.

मी हे कुठं शिकलो तेही सांगतो. वकिलीचं तिसरं वर्ष होतं. गोदावरीकाठच्या गावातला एक म्हातारा माझा पक्षकार, वाद जमिनीच्या वहिवाटीचा. त्यानं शपथेवर सांगितलं, अमुक साली ते रान मीच पेरलं. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी एकच विचारलं, त्या साली गोदेला पूर येऊन ते सगळं रान पाण्याखाली होतं की नाही? होतं. मग पेरलं काय? म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. मी त्याला हे कधी विचारलंच नव्हतं. फेरतपासणीत मला विचारता आलं असतं, पण उत्तर काय येईल ते ठाऊक नव्हतं, म्हणून धाडस झालं नाही. कोर्टाच्या बाहेर चिंचेखाली आल्यावर तो म्हणाला, “वकीलसाहेब, पूर उतरल्यावर मी रब्बीची ज्वारी टाकली होती की. ओलीवर चांगली आली होती.” उत्तर त्याच्यापाशी होतं. विचारणारा मी कमी पडलो. दावा गेला. त्यानं मला दोष दिला नाही, पुढच्या संक्रांतीला ज्वारीचा हुरडा आणून दिला. त्यानंतर मी पक्षकाराला घरी बसवून समोरच्या वकिलासारखं विचारायला लागलो. काही जण रागवायचे, तुम्ही आमचे का त्यांचे म्हणायचे. पण कोर्टात ते हडबडले नाहीत.

मला असं विचारणारा एक जरी शिक्षक वेळेवर भेटला असता तर त्या म्हाताऱ्याचं रान वाचलं असतं. तुझे सर पाणउतारा करतात हे वाईटच. ते विचारतात ही मात्र तुला मिळालेली गोष्ट आहे. आमच्या वेळी बहुतेक जण विचारतही नसत, पिवळ्या पडलेल्या वहीतून सांगत आणि आम्ही उतरवून घेत असू.

इंग्रजीचं तुला फार लागलं आहे, तेही कळलं. आपल्या भागात निजामाच्या राज्यात कोर्टाची भाषा उर्दू होती. १९१८ ला स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकवायचंही उर्दूतून. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या वकिलांनी आयुष्यभर फैसले उर्दूत वाचले आणि १९४८ नंतर दुसऱ्या भाषेत वकिली पुन्हा उभी केली. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण त्या विद्यापीठानं बाईला पदवी द्यायला तीस वर्षं लावली. हार्वर्डच्या त्या कायदाशाळेनं तर १९५० पर्यंत मुलींना दारात घेतलं नाही. या सगळ्यांपेक्षा तुझं इंग्रजीचं संकट लहान आहे. रोज एक निकाल मोठ्यानं वाच. मोठ्यानं, म्हणजे वर्गात स्वतःच्या आवाजाचं दचकायला होत नाही.

सिनेमाच्या शेवटाबद्दल तू विचारलं नाहीस, पण मला बोलायचं आहे. हार्ट निकालाचं पाकीट न फोडता त्याचं विमान करतो आणि समुद्रावर सोडून देतो. तरुण मुलांना ते फार आवडतं. मला पटत नाही. तुझ्या फीसाठी तुझ्या बापानं भाव पडलेला असताना कापूस विकला. तुझा निकाल लागेल तेव्हा तू तो उघडायचा, मला फोनवर वाचून दाखवायचा, कमी असेल तर कमी.

आता कामाचं. परवा लेंडीपलीकडच्या गावातला एक शेतकरी आला होता. मी वकिली सोडली हे त्याला माहीत आहे, तरी आला. जूनमध्ये तीन बॅगा पेरल्या, उगवलं नाही. तालुक्याच्या समितीनं येऊन पंचनामा केला, त्याची प्रत त्याच्याकडं आहे. दुकानाची पावती आहे, पण त्यावर लॉट नंबर खाडाखोड करून लिहिला आहे. रिकाम्या बॅगांपैकी एक सापडली, दोन त्याच्या बायकोनं धुऊन धान्य भरायला घेतल्या. एका बॅगेचं लेबल फाटकं. नंतर त्यानं त्याच रानात मूग टाकला, तो निम्मा आला. दुकानदार बॅगांचे पैसे द्यायला तयार आहे, मात्र “माझी काही तक्रार नाही” असं लिहून मागतो.

तो माणूस सोमवारी परत येणार आहे. त्याला काय विचारायचं ते तू ठरव. किमान दहा प्रश्न हवेत, आणि प्रत्येकाखाली, हा प्रश्न का विचारायचा ते एका ओळीत. कंपनीचा वकील काय विचारेल तेही बाजूला लिही. मराठीत लिहिलंस तरी चालेल. रविवारी संध्याकाळपर्यंत फोटो काढून पाठव. मी चष्मा लावून बसलेला असेन.

आजीनं चिवड्याचा डबा आणि जाड गोधडी पार्सलनं पाठवली आहे.

तुझे,
आबा